इंटरला नापास झालेले प्राचार्य

रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी गोव्यातील वाचनालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात आहे. ती उघडणाऱ्या वाचकाची गाठ शिवाजी महाराजांच्या आधी एका दीर्घ पत्राशी पडते. कादंबरीकाराला लिहिलेल्या त्या पत्रात शिवचरित्राची साधने, त्यांतील गाळलेल्या जागा आणि ऐतिहासिक कादंबरीचे प्रश्न यांची रोखठोक चर्चा आहे. पत्राचा लेखक इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. नांदेडमध्ये मराठी शिकवणाऱ्या त्या शिक्षकाचे नाव नरहर कुरुंदकर. भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामापासून धर्मनिरपेक्षतेपर्यंत अनेक विषयांवर अधिकाराने लिहिणारे आणि बोलणारे हे विद्वान तरुणपणी इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते, आणि तेही एकदाच नव्हे.

हा तपशील कुरुंदकरांविषयीच्या भाषणांत गमतीने सांगितला जातो. श्रोते हसतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. बारावीचे गुण, नीट, जेईई आणि सीयूईटी यांच्या आकड्यांवर घराघरांतील वातावरण ठरते अशा काळात मात्र तो थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. एखाद्या परीक्षेतील गुणांनी माणसाच्या वाटेवर किती अधिकार गाजवावा, या प्रश्नाचे उत्तर कुरुंदकरांच्या आयुष्यात एका वाक्यात सापडत नाही. ते टप्प्याटप्प्याने शोधावे लागते.

नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कुरुंदकरांचे मूळ गाव वसमतजवळचे कुरुंदा. त्या काळी मराठवाड्यातील मराठी मुलासाठी शिक्षणाचा रस्ता आपल्या भाषेतून फार पुढे जात नसे. घरची आणि बाजाराची भाषा मराठी, तर सरकारी माध्यमिक शाळेची आणि दरबाराची उर्दू. हुशार मुलाने पुढे शिकायचे ठरवले की त्याची नजर पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादकडे वळे, कारण विद्यापीठ तेथे होते आणि परीक्षाही तेथूनच होत.

ते विद्यापीठ म्हणजे उस्मानिया. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने एका भारतीय भाषेला, उर्दूला, उच्च शिक्षणाचे माध्यम केले. हा प्रयोग देशात पहिलाच आणि धाडसाचा होता. वैद्यकापासून गणितापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारण्यात आला. पण संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. तिच्यासाठी उर्दूही शिकून आत्मसात करण्याचीच भाषा होती. गोव्यातील जुन्या पिढीला हा अनुभव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लायसियमची वाट पोर्तुगीज भाषेतून जात होती. मराठी शिकलेल्या अनेक मुलांना मॅट्रिकसाठी बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागे. परीक्षा ज्ञानाची असली तरी तिच्या दारात पहिली तपासणी भाषेची होत असे.

उस्मानियाचा विस्तीर्ण परिसर आज हैदराबादच्या तारनाका भागाला लागून आहे. सिकंदराबादहून उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हा चौक आता मेट्रोचे स्थानक, राष्ट्रीय पोषण संस्था, रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ यांच्यामुळे ओळखला जातो. निजामाच्या काळात येथील बागांना तारेचे कुंपण होते आणि त्यावर पहाऱ्याचा नाका असे, त्यावरून तारनाका हे नाव पडले, असे सांगतात. डिसेंबर १९३९मध्ये या परिसरात कला महाविद्यालयाची भव्य दगडी इमारत खुली झाली. मराठवाड्याच्या दूरच्या खेड्यातील मुलासाठी ती इमारत म्हणजे विद्येचे शिखर होते.

त्या शिखराशी कुरुंदकरांचे नाते घरातूनच जोडलेले होते. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतविषयक काव्याचा त्यांनी केलेला तौलनिक अभ्यास प्राचीन मराठी काव्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. उर्दू माध्यमाच्या विद्यापीठात आणि निजामाच्या राजवटीत मराठीचा अभ्यास जिवंत ठेवणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. अशा माणसाच्या सहवासात वाढणाऱ्या भाच्याला ग्रंथांचे आणि वादांचे वातावरण आपोआप लाभले. महाभारताकडे भक्ताच्या नव्हे तर चिकित्सकाच्या नजरेने पाहण्याची कुरुंदकरांची पुढची वृत्ती या वातावरणापासून वेगळी काढता येत नाही.

कुरुंदकरांचे बालपण सरत होते तेव्हा संस्थान पेटलेले होते. विद्यार्थ्यांवरची पहिली मोठी कारवाई त्याआधीच, १९३८ साली झाली होती. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरणाऱ्या उस्मानियाच्या शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाने बाहेर काढले. त्यांच्या गुणांविषयी कोणाची तक्रार नव्हती, तक्रार निष्ठेविषयी होती. नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि अनेकांचे शिक्षण वाचले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. एका विद्यापीठाने बंद केलेले दार दुसऱ्याने उघडले नसते, तर त्या तरुणांचे काय झाले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. प्रवेशाचा निर्णय गुणांवर सोपवला नाही तर तो आपोआप न्याय्य होत नाही, हेही त्याच प्रसंगातून दिसते. गुणांची जागा मग राज्यकर्त्याची मर्जी, जात, धर्म किंवा ओळख घेऊ शकते.

सप्टेंबर १९४८मधील पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली. कुरुंदकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. मुक्तिसंग्रामाने भारलेल्या वातावरणात त्यांची विद्यार्थिदशा गेली, आणि समाजवादी विचारांशी व राष्ट्र सेवा दलाशी त्यांचा संबंध जुळला. राजवट बदलली तसे विद्यापीठाचे माध्यमही बदलले आणि उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शाळेत एक भाषा, महाविद्यालयात दुसरी आणि घरी तिसरी अशी कसरत करावी लागली. प्रौढांनी घेतलेल्या राजकीय निर्णयांची किंमत परीक्षागृहात बसलेली मुले मोजत होती.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी कुरुंदकर हैदराबादला आले आणि मुसी नदीच्या काठच्या सिटी कॉलेजात दाखल झाले. इंटरमिजिएट म्हणजे तेव्हा मॅट्रिक आणि पदवी यांच्यामधला दोन वर्षांचा टप्पा. आजच्या बारावीचे जे स्थान, तेच साधारण इंटरचे. तो ओलांडला की पदवीचे वर्ग, नोकरी आणि प्रतिष्ठा. अडला तर बाहेर. कुरुंदकर तेथे अडले. त्यांचे वाचन त्या वयातही अफाट होते, पण नेमलेल्या पुस्तकांच्या चौकटीत मावणारे नव्हते. त्यात चळवळी, सभा आणि वादविवाद यांची ओढ होती. प्रश्नपत्रिकेला नेमके जे हवे असते, ते योग्य वेळी, योग्य क्रमाने आणि नेमक्या शब्दांत मांडण्याची शिस्त त्यांनी तेव्हा पाळली नाही. निकालाने त्याची नोंद केली.

येथे परीक्षेला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण योग्य नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने जे समोर होते तेच तपासले. नेमलेला अभ्यासक्रम या विद्यार्थ्याने आत्मसात केला आहे का, एवढाच प्रश्न परीक्षेने विचारला होता आणि त्याचे उत्तर नाही असे आले. ते उत्तर बहुधा खोटेही नव्हते. हा तरुण पुढे काय करू शकेल, हा प्रश्न परीक्षेने विचारलाच नव्हता. चूक घडते ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले जाते तेव्हा. अभ्यासक्रम पुरा झाला की नाही हे सांगणारा आकडा माणसाची एकंदर कुवत सांगणारा आकडा म्हणून वाचला जातो, आणि मग शेजारी, नातेवाईक, पुढचे महाविद्यालय आणि शेवटी खुद्द विद्यार्थी त्या वाचनावर विश्वास ठेवतो.

योगायोग असा की नेमक्या त्याच वर्षांत देश परीक्षांचा फेरविचार करीत होता. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९मध्ये काम केले. विद्यापीठांत एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. निबंधवजा उत्तरांचे मूल्यमापन तपासनीसाच्या मर्जीवर अवलंबून राहते, वर्षभराचे काम दोन-तीन तासांत तोलले जाते, आणि शिकवणे परीक्षेच्या मागे फरफटत जाते, हे दोष आयोगाने दाखवले. वस्तुनिष्ठ चाचण्यांचा अभ्यास करावा, असेही त्याने सुचवले. आज देशातील लक्षावधी मुले पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्याच्या ज्या परीक्षा देतात, त्यांच्यामागील विचार तेव्हापासून रुजत आला आहे. एका दोषावरचा उपाय सत्तर वर्षांत स्वतःच एक नवा प्रश्न होऊन बसला, हा पुढचा इतिहास.

पदवी हाती नसलेले कुरुंदकर हैदराबाद सोडून मराठवाड्यात परतले. १९५५च्या सुमारास ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. त्यांच्या आयुष्याचे वळण कोणते असे विचारले तर ग्रंथ, व्याख्याने आणि मानसन्मान यांच्याआधी या नेमणुकीचे नाव घ्यावे लागेल. मुक्तिसंग्रामानंतरच्या नांदेडमध्ये पदवीधर मोजके होते आणि शाळांना शिकवणारी माणसे हवी होती. ज्यांनी या तरुणाला वर्गात उभे केले, त्यांनी त्याच्या गुणपत्रिकेपलीकडे पाहिले. त्याचे बोलणे, वाचन आणि मुलांना बांधून ठेवण्याची ताकद त्यांना दिसत होती. गाव लहान होते. माणसे एकमेकांना ओळखत होती. निवड करणाऱ्याला कागदाशिवाय माणूस दिसू शकत होता.

शिक्षकाच्या खुर्चीने कुरुंदकरांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे चरितार्थ आणि त्यासोबत येणारी मनाची स्वस्थता. दुसरी म्हणजे रोज एखादी गोष्ट समजावून सांगण्याची सक्ती. त्यांच्या लेखनात अवघड विषय पायरीपायरीने उलगडत नेण्याची, प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडून मग तिला उत्तर देण्याची जी पद्धत आढळते, तिच्यात हायस्कूलच्या वर्गाचा मोठा वाटा असला पाहिजे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसमोर बोलणाऱ्याला शब्दांच्या आड लपता येत नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि ती येथे संपवणाऱ्यांनी कुरुंदकरांवर अन्याय केला आहे. त्यांनी परीक्षेकडे पाठ फिरवली नाही. नोकरी आणि संसार सांभाळून ते पुन्हा परीक्षेला बसले आणि बी.ए. झाले, मग एम.ए. झाले. ज्या व्यवस्थेने त्यांना एकदा बाहेर ठेवले होते, तिनेच दार पुन्हा ठोठावण्याची मुभा ठेवली होती. वयाची अट आडवी आली नाही. आधीच्या अपयशाचा डाग पुढच्या उत्तरपत्रिकेवर उमटला नाही. नापास विद्यार्थ्यालाही परीक्षेने नवा कोरा कागद दिला. १९५६मध्ये राज्य पुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्यातील मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरली नाही. विद्यापीठ घराजवळ येणे म्हणजे केवळ अंतर कमी होणे नव्हे. नोकरी करणाऱ्या, उशिरा शिकणाऱ्या आणि एकदा मागे पडलेल्या माणसाला त्यामुळे दुसरी संधी परवडू लागते. गोवा विद्यापीठ १९८५ साली उभे राहिले तेव्हा या भूमीनेही हा फरक अनुभवला आहे.

एम.ए.ची पदवी हाती आल्यावर कुरुंदकरांसाठी महाविद्यालयाचे दार उघडले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडला सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक झाले आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. एकेकाळचा नापास विद्यार्थी आता इतरांच्या प्रवेशअर्जांवर सही करीत होता, परीक्षांचे वेळापत्रक लावत होता, उत्तरपत्रिका तपासत होता. परीक्षा रद्द करा, असे सांगणारा हा माणूस नव्हता. ज्या समाजात ओळखीवर आणि जातीवर नेमणुका होतात, तेथे नाव न पाहता तपासलेली उत्तरपत्रिका ही गरिबाच्या मुलासाठी मोठी ढाल असते, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

याच वर्षांत त्यांची ग्रंथसंपदा आकाराला आली. ‘रूपवेध’, ‘मागोवा’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’, ‘पायवाट’ ही नावे मराठी वैचारिक साहित्याच्या वाचकाला नवी नाहीत. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्या कलाविचाराची मराठीत चिकित्सा करणारे पुस्तक त्यांनी लिहिले. मनुस्मृतीवर त्यांनी दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा आहे, तर ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’मधील लेखांत गांधी, नेहरू, हिंदुत्ववाद, मुस्लिम राजकारण आणि लोकशाही यांविषयीचे परखड विवेचन. एका विषयाच्या कुंपणात न राहण्याचा जो स्वभाव इंटरच्या वर्गात त्यांना महागात पडला होता, तोच आता त्यांची ओळख ठरला. आणीबाणीच्या काळात त्यांनी लोकशाहीची बाजू निर्भयपणे मांडली. महाराष्ट्रभर त्यांची व्याख्याने होत आणि हातात कागद न घेता तासन्‌तास मुद्देसूद बोलणारा वक्ता म्हणून लोक त्यांना ऐकायला जमत.

असा माणूस आजच्या व्यवस्थेतून कसा गेला असता? उत्तर फारसे सुखद नाही. बारावी अनुत्तीर्ण तरुणाला आज कोणतीही मान्यताप्राप्त माध्यमिक शाळा शिक्षक म्हणून नेमू शकत नाही. पदवी लागते, बी.एड. लागते, आणि शालेय स्तरानुसार शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. महाविद्यालयात शिकवायचे तर नेट किंवा सेट, अथवा पीएच.डी. हवी. या अटी कोणी दुष्टपणाने घातलेल्या नाहीत. शिक्षकभरतीत वशिला आणि पैसा शिरल्यावर निवड करणाऱ्याच्या नजरेवरचा समाजाचा विश्वास उडाला, म्हणून नियम आले. नांदेडच्या ज्या शाळेने कुरुंदकरांना ओळखले, तिच्यासारखी नजर प्रत्येक ठिकाणी असती तर नियमांची गरजच भासली नसती. विश्वास गेला की त्याच्या जागी आकडा येतो. आकडा चुकतो, पण तो लाच घेत नाही, हे त्याच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण आहे.

तरीही आकड्याकडून किती अपेक्षा करावी याला मर्यादा आहे. २०२४ची नीट परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. पहिल्या निकालात ७२०पैकी ७२० गुण मिळवणारे ६७ जण होते. वाढीव गुणांचा वाद, फेरपरीक्षा आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर न्यायालयात तपासले गेल्यानंतर हा आकडा १७वर आला. विद्यार्थी तेच राहिले, त्यांचे ज्ञानही तेच राहिले. बदलली ती केवळ एका प्रश्नाची उत्तरसूची आणि काही केंद्रांवरील गुणांचा हिशेब. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची जागा ज्या काठावर ठरते, तेथे एका गुणाच्या फरकात देशभरातील हजारो विद्यार्थी उभे असतात. अभ्यास केलेल्याला न केलेल्यापासून वेगळे काढण्याचे काम ही परीक्षा चोख करते. काठावरच्या दोघांपैकी चांगला डॉक्टर कोण होईल, हे मात्र ती सांगू शकत नाही.

तारनाक्यालाही हा बदल चुकलेला नाही. तेथील इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांत २०२२पासून पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. कारण समजण्यासारखे होते. वेगवेगळी मंडळे वेगवेगळ्या सढळपणे गुण वाटत होती आणि दिल्लीतील काही महाविद्यालयांची प्रवेशमर्यादा शंभर टक्क्यांवर जाऊन पोहोचली होती. गोवा मंडळाचा विद्यार्थी आणि दुसऱ्या राज्यातील विद्यार्थी यांना एका मापाने मोजण्याची सोय झाली. पण भाषा आणि साहित्य शिकू पाहणाऱ्या मुलाची पहिली चाळणी चार पर्यायांतून एक निवडण्याने होऊ लागली. मुद्दा उभा करणे, तो पुराव्याने बांधणे आणि विरोधकाला उत्तर देणे ही कुरुंदकरांची खरी ताकद होती. तिला त्या चाळणीत जागा नाही.

परदेशांतही या प्रश्नाचे लंबक हललेले दिसतात. अमेरिकेत एसएटी ही परीक्षा १९२६ साली सुरू झाली. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९३०च्या दशकात तिचा उपयोग प्रतिष्ठित खासगी शाळांबाहेरची हुशार मुले शोधून त्यांना शिष्यवृत्ती देण्यासाठी केला. पुढे हीच परीक्षा श्रीमंतांच्या शिकवण्यांना फळ देते अशी टीका झाली, आणि २०२०च्या महासाथीत बहुतेक विद्यापीठांनी तिची सक्ती उठवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर गुणांकडे पाहणेच थांबवले. मात्र एमआयटीने २०२२मध्ये, आणि डार्टमथ व हार्वर्ड यांनी २०२४मध्ये ती सक्ती परत आणली. डार्टमथच्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट आढळली. साधारण परिस्थितीतील काही मुले आपले गुण कमी समजून कळवतच नव्हती. वास्तविक त्यांच्या शाळेची स्थिती लक्षात घेता त्याच गुणांनी त्यांना प्रवेश मिळवून दिला असता. आकडा लपवल्याने त्या मुलांचे नुकसान झाले होते, आणि संदर्भासह वाचला असता तर त्याच आकड्याने त्यांचे भले केले असते.

संदर्भासह वाचणे, ही कुरुंदकरांच्या सर्व लेखनाचीच शिकवण आहे. ऐतिहासिक कागद हाती आला की तो कोणी, कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत लिहिला हे पाहिल्याशिवाय त्यावर निर्णय देऊ नये, हा त्यांचा आग्रह असे. गुणपत्रिका हाही एक कागदच आहे. ती शहरातील शिकवणीवर्गातून आली की सत्तरी-काणकोणच्या गावातून बस बदलत शिकणाऱ्या मुलीकडून, ती घरच्या भाषेत दिलेल्या परीक्षेची आहे की परक्या भाषेतील, पहिल्या प्रयत्नाची की तिसऱ्या, हे विचारल्याशिवाय तिच्यातील आकडा पुरता वाचलेला नसतो. कागद खोटा ठरवण्याची गरज नाही. तो जितके सांगतो तितकेच ऐकावे, एवढे पुरे आहे.

कुरुंदकरांच्या उदाहरणाचा दुसऱ्या टोकाने गैरवापरही होतो. नापास होणे हे प्रतिभेचे लक्षण आहे, असा धीर देऊन पालक आणि वक्ते मोकळे होतात. नापास झालेला प्रत्येक जण कुरुंदकर होत नाही. त्या वर्षी त्यांच्यासोबत इंटरला अडलेले इतर विद्यार्थी होतेच. त्यांच्यापैकी किती जणांना नांदेडसारखी शाळा मिळाली नाही, कितींना विद्वान मामा नव्हते, कितींनी पुन्हा अर्ज भरण्याचे धैर्य किंवा फीचे पैसे जमवले नाहीत, याची नोंद कुठेही नाही. यशस्वी माणसाच्या चरित्रातून अपयशाविषयी शिकताना ही न दिसणारी माणसे ध्यानात ठेवावी लागतात. कुरुंदकर तरले त्याला त्यांची कुवत जितकी कारण आहे, तितकीच त्यांच्या वाट्याला आलेली दुसरी दारेही कारण आहेत.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादमध्ये व्यासपीठावरच हृदयविकाराने कुरुंदकरांचे निधन झाले. वय वर्षे अवघे ४९. मराठवाड्याने आपला सर्वांत समर्थ वक्ता गमावला आणि मराठीने एक निर्भय चिकित्सक. नांदेडने त्यांच्या नावाने स्मारक उभारले. त्यांची पुस्तके आजही नव्या आवृत्त्यांतून येत आहेत. ज्या विद्यापीठांत त्यांच्या लेखनावर प्रबंध लिहिले जातात, तेथील प्रवेशाच्या आजच्या अटी इंटर अनुत्तीर्ण नरहर अंबादास कुरुंदकर या विद्यार्थ्याला पुऱ्या करता आल्या नसत्या.

गुणांना किती महत्त्व द्यावे, या प्रश्नावर हे आयुष्य एक मध्यम पण ठाम उत्तर देते. गुण हवेत, कारण त्यांच्याशिवायची निवड मर्जीच्या हाती जाते आणि उस्मानियाच्या वसतिगृहातून १९३८मध्ये बाहेर काढलेल्या मुलांनी ती किंमत मोजली आहे. पण त्या गुणांना शेवटचा शब्द बोलू देता कामा नये. एका परीक्षेत अडलेल्याला पुन्हा बसण्याची संधी, घराजवळचे महाविद्यालय, परवडणारी फी, उशिरा शिकणाऱ्याला वयाची आडकाठी न करणारे नियम, आणि कागदापलीकडचा माणूस ओळखू शकणारा एखादा शिक्षक, एवढे जेथे असते तेथे परीक्षा कठोर असली तरी क्रूर होत नाही. निकालाच्या दिवशी मुलाच्या हातातील कागद पाहणाऱ्या पालकाने, आणि प्रवेशाचे नियम ठरवणाऱ्या शासनाने, टक्केवारी विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. या मुलासाठी आता पुढचे दार कोणते, आणि ते उघडे आहे ना?